परवाना, प्रतिबंध आणि पैजेचा वेग : क्रीडा-सट्ट्याविषयीच्या विधी आयोगाच्या २७६ व्या अहवालाची चिकित्सा

प्रास्ताविक

क्रीडास्पर्धांवरील सट्टा कायदेशीर करावा की नाही, हा प्रश्न भारतीय सार्वजनिक चर्चेत वारंवार उपस्थित होत आला आहे. क्रिकेटमध्ये एखादे गैरप्रकरण उघडकीस आले की ही चर्चा जोर धरते आणि प्रकरण विस्मरणात गेले की तीही मागे पडते. या प्रश्नाचा सर्वांत विस्तृत व अधिकृत विचार भारताच्या एकविसाव्या विधी आयोगाने केला. न्या. बी. एस. चौहान यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाने ५ जुलै २०१८ रोजी आपला २७६ वा अहवाल केंद्र शासनाला सादर केला. जुगार आणि क्रिकेटसह सर्व क्रीडाप्रकारांवरील सट्टा यांची कायदेशीर चौकट हा त्याचा विषय होता. पुढे २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. त्यामुळे वाद मिटला असे वरकरणी वाटते. परंतु अहवालाने उपस्थित केलेले आणि अहवालातून निसटलेले अनेक प्रश्न या कायद्यानंतरही शिल्लक राहतात.

प्रस्तुत लेखात या अहवालाच्या मांडणीची चिकित्सा करावयाची आहे. परवाना द्यावा की बंदी घालावी, या द्वंद्वात अडकल्यामुळे अहवालाने पैज कोण लावतो आणि किती रकमेची लावतो याचा विचार केला. मात्र ती कोणत्या वेगाने लागते याचा पुरेसा विचार केला नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ऑनलाइन सट्ट्याचे वेगळेपण या वेगातच आहे. म्हणून कोणत्याही कायद्याचे मूल्यमापन प्रथम याच निकषावर व्हावयास हवे.

१. अहवालाची पार्श्वभूमी

भारतातील जुगारविषयक कायद्याचा पाया एकोणिसाव्या शतकात घातला गेला. सार्वजनिक जुगार अधिनियम १८६७ चा आणि मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा. दोन्ही कायद्यांची मध्यवर्ती कल्पना 'जुगाराचा अड्डा' ही होती. कायदा एका जागेचा शोध घेत असे. त्या जागेवर छापा घालता येत असे, तेथील साधने जप्त करता येत असत. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत 'पैज व जुगार' हा विषय राज्यसूचीतील नोंद ३४ मध्ये आला आणि त्यामुळे राज्याराज्यांची धोरणे वेगळी झाली. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या करून प्रथम पंचतारांकित हॉटेलांत आणि नंतर जहाजांवर जुगाराला वाट करून दिली. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनोविषयक कायदा केला. पण तो कधीही अमलात आणला नाही आणि अखेर २०२३ मध्ये रद्द केला. एकाच वर्षी दोन शेजारी प्रदेशांत झालेल्या कायद्यांचे हे भिन्न प्राक्तन पाहिले म्हणजे या विषयातील धोरणात्मक संदिग्धता किती जुनी आहे हे ध्यानात येते.

अहवालाचे तात्कालिक कारण मात्र क्रिकेट होते. मे २०१३ मध्ये आयपीएलमधील स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून एका संघाच्या तीन खेळाडूंना अटक झाली. त्यातून उद्भवलेल्या न्यायालयीन प्रक्रियेत सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये न्या. आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने जानेवारी २०१६ मधील आपल्या अहवालात सट्टा आणि सामनानिश्चिती या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. सामनानिश्चिती हा खेळाच्या गाभ्यावरील आघात असल्याने तो फौजदारी गुन्हा ठरवावा आणि सट्टा मात्र योग्य संरक्षक तरतुदींसह कायदेशीर करावा, अशी तिची शिफारस होती. १८ जुलै २०१६ रोजी समितीच्या बहुतांश शिफारशी स्वीकारताना सर्वोच्च न्यायालयाने सट्ट्याच्या कायदेशीरतेचा प्रश्न विधी आयोगाकडे सोपविला. म्हणजे आयोगापुढील मूळ प्रश्न खेळाच्या शुचितेतून जन्मला होता, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

२. अहवालाची मांडणी आणि तिच्यातील अंतर्विरोध

अहवालाचा मुख्य निष्कर्ष दुहेरी आहे. सद्यःस्थितीत सट्टा व जुगार यांना कायदेशीर मान्यता देणे इष्ट नाही, असे आयोग प्रथम म्हणतो. आणि लगेच, या व्यवहारांना पूर्णपणे प्रतिबंध करणे शक्य नसेल तर त्यांचे प्रभावी नियमन हाच व्यवहार्य पर्याय उरतो, असेही म्हणतो. या दुसऱ्या विधानाच्या आधारे पुढे नियमनाची तपशीलवार चौकट येते. परवानाधारक भारतीय चालक, आधार व पॅन यांच्याशी जोडलेले व्यवहार, रोकडविरहित देवाणघेवाण, ठरावीक कालावधीतील व्यवहारांच्या संख्येवर मर्यादा, अल्पवयीन आणि शासकीय अनुदानाचे लाभार्थी यांना मज्जाव, सामनानिश्चितीला कठोर शिक्षा, अशा तिच्यातील प्रमुख तरतुदी आहेत. यासाठी राज्यांकरिता आदर्श कायदा करावा अथवा संसदेने अनुच्छेद २४९ किंवा २५२ चा आधार घ्यावा, असेही सुचविले आहे.

निषेध अल्पाक्षरी आणि नियमन सविस्तर, या रचनेमुळे अहवालाचे परस्परविरोधी वाचन होणे अटळ होते. प्रसिद्धीनंतर लगेचच 'आयोगाने सट्ट्याला हिरवा कंदील दाखविला' असा अर्थ लावला गेला आणि आपला कल कायदेशीरीकरणाकडे नसल्याचा खुलासा आयोगाला करावा लागला. आयोगाचे एक सदस्य प्रा. एस. शिवकुमार यांनी आपले भिन्न मत नोंदविले. अहवालाचे असे दोन अर्थ का लागतात? याचे उत्तर केवळ शब्दयोजनेत नाही. अहवालात तीन स्वतंत्र प्रश्न एकत्र आले आहेत. राज्याने सट्ट्याला मान्यता द्यावी काय, हा पहिला. सट्टा लावणाऱ्याचे आणि त्याच्या कुटुंबाचे संरक्षण कसे करावे, हा दुसरा. आणि खेळ निर्मळ कसा राहील, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले की उरलेल्या दोहोंची उत्तरे आपोआप मिळतील, असे अहवाल गृहीत धरतो. वस्तुतः दुसरा आणि तिसरा प्रश्न परवाना दिला तरी उरतो आणि बंदी घातली तरीही उरतो.

संरक्षणाच्या संदर्भात अहवालाने 'प्रॉपर गॅम्बलिंग' आणि 'स्मॉल गॅम्बलिंग' असे जे दोन वर्ग केले, ते तपासण्याजोगे आहेत. सोयीसाठी त्यांना मोठा जुगार व लहान जुगार म्हणू. मोठ्या रकमांचा जुगार उच्च उत्पन्न गटासाठी आणि अल्प रकमांचा जुगार कमी उत्पन्न गटासाठी, अशी ही योजना आहे. तिच्यामागील करुणा समजण्यासारखी आहे. तथापि ही योजना माणसाच्या मिळकतीचे वर्गीकरण करते, पैजेचे नव्हे. दर चेंडूला पन्नास रुपये लावणारा मनुष्य या वर्गीकरणात लहान जुगार खेळतो. पण टी-ट्वेंटी सामन्यात नियमानुसार २४० चेंडू पडू शकतात. प्रत्येक चेंडूवर पैज लागली तर एका सायंकाळी लावलेल्या रकमेची बेरीज बारा हजार होते. रक्कम लहान ठेवून जुगार लहान होत नाही, हे या साध्या गणितावरून स्पष्ट व्हावे. व्यवहारांच्या संख्येवर मर्यादा घालण्याची अहवालाची सूचना या दिशेने जाणारी आहे, हे मान्य केले पाहिजे. मात्र ती मर्यादा मासिक, सहामाही किंवा वार्षिक कालावधीची कल्पिलेली आहे. ऑनलाइन सट्ट्यातील हानी एका रात्रीत होते.

३. कौशल्य आणि नशीब यांमधील रेषा

भारतीय जुगारविषयक न्यायशास्त्र कौशल्य आणि नशीब यांच्यातील भेदावर उभे आहे. १८६७ च्या अधिनियमाने निव्वळ कौशल्याच्या खेळांना वगळले होते. १९५७ मध्ये चमारबागवाला प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा व्यापारबाह्य व्यवहार मानला आणि व्यवसायस्वातंत्र्याचे संरक्षण त्याला नाकारले. परंतु ज्या स्पर्धांचे यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, त्यांना ते दिले. १९६८ मध्ये रमीला आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविण्यात आले. पुढे ऑनलाइन फँटसी खेळांविषयी पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हेच तत्त्व लागू केले.

या परंपरेतून एक विसंगती निर्माण झाली. घोड्याची जात, त्याची मागील कामगिरी, जॉकी, मैदानाची स्थिती यांचा अभ्यास करून महालक्ष्मीच्या मैदानावर पैसे लावणाऱ्याचे ज्ञान कौशल्य ठरते. खेळपट्टी, दव, गोलंदाजाची अलीकडील कामगिरी यांचा तितकाच अभ्यास करून क्रिकेटच्या निकालावर पैसे लावणाऱ्याचे ज्ञान मात्र जुगार ठरते. फँटसी खेळात अकरा खेळाडू निवडणे हे कौशल्य, पण त्यांच्यापैकी एकाच्या धावांवर पैज घेणे हा गुन्हा. ही रेषा तर्काच्या कसोटीवर टिकणे कठीण आहे.

येथे महाभारताचा दाखला उपयुक्त ठरतो, कारण तो अहवालातही आला आहे. द्यूताचे नियमन असते तर युधिष्ठिराला आपले भाऊ आणि पत्नी यांना पणाला लावता आले नसते, असा युक्तिवाद अहवालात आढळतो. सभापर्वातील कथेचे हे वाचन अपुरे आहे. पहिली बाब अशी की, दुर्योधनाच्या वतीने फासे टाकणारा शकुनी अक्षविद्येत निपुण होता आणि युधिष्ठिर नव्हता. एकच खेळ एकाच वेळी एकासाठी कौशल्याचा आणि दुसऱ्यासाठी नशिबाचा होता. म्हणजे कौशल्य हा केवळ खेळाचा गुणधर्म नसून तो खेळणाऱ्या दोघांमधील संबंध आहे. आजच्या ऑनलाइन सट्ट्यात एका बाजूला माहितीचे प्रचंड साठे व गणिती प्रारूपे बाळगणारी कंपनी असते आणि दुसऱ्या बाजूला दूरचित्रवाणीवर सामना पाहणारा तरुण असतो. त्या तरुणाला 'हा कौशल्याचा खेळ आहे' असे सांगणे म्हणजे शकुनीचे कौशल्य युधिष्ठिराच्या खात्यावर जमा करण्यासारखे आहे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. धृतराष्ट्राने सर्व काही परत केल्यानंतरही युधिष्ठिर पुन्हा बोलावणे येताच परतला आणि अनुद्यूतात वनवास हरला. पहिल्या द्यूतात पणाची मर्यादा घातली असती तरी दुसरे द्यूत टळले नसते. त्याला गरज होती ती थांबविणाऱ्या व्यवस्थेची. त्याचप्रमाणे, जो स्वतःला हरला त्याला दुसऱ्या व्यक्तीला पणाला लावण्याचा अधिकार होता काय, हा द्रौपदीचा प्रश्न सभेत अनुत्तरित राहिला. घरातील दागिने गहाण टाकून किंवा वडिलांच्या खात्यातून रक्कम वळवून जेव्हा पैज लागते, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. अहवाल 'स्वेच्छेने खेळणारा प्रौढ' या कल्पनेवर विसंबतो; पैज न लावताही हरणाऱ्यांचा विचार त्यात गौण राहतो.

४. जागेकडून काळाकडे

प्राचीन भारतीय विधिग्रंथांनी द्यूत आणि समाह्वय असा भेद केला होता. निर्जीव साधनांनी खेळला जाणारा जुगार ते द्यूत आणि प्राण्यांच्या झुंजींवर वा शर्यतींवर लागणारी पैज तो समाह्वय. आधुनिक क्रीडा-सट्टा दुसऱ्या प्रकाराला जवळचा आहे. मनूने दोहोंचा निषेध केला. कौटिल्य आणि याज्ञवल्क्य यांनी मात्र ते राजाच्या देखरेखीखाली आणले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने जुगार एकाच ठिकाणी चालवावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच इतका भाग घ्यावा, असे विधान आहे. त्यामागील एक हेतू चोरांचा व गुप्तपणे वावरणाऱ्यांचा माग काढणे हा होता. कायदेशीरीकरणाचे आजचे दोन प्रमुख युक्तिवाद, महसूल आणि गुन्हेगारीवरील नजर, येथे बीजरूपाने दिसतात. मात्र 'एकाच ठिकाणी' हे शब्द विसरता कामा नयेत. कौटिल्याचे नियमन जागेवर आधारलेले होते, इंग्रजांची बंदीही जागेवरच आधारलेली होती.

मटक्याच्या इतिहासातून या जागेचे आणि त्याबरोबर काळाचे महत्त्व कळते. न्यूयॉर्कच्या बाजारातील कापसाच्या उघडत्या व बंद होणाऱ्या भावांवर मुंबईत लागणाऱ्या पैजेतून पुढे, १९६० च्या दशकात, आकड्यांचा मटका निर्माण झाला. गिरणगावातील कामगारवस्तीत त्याने केलेली हानी महाराष्ट्राला परिचित आहे. तरीही मटक्याला एक काळमर्यादा होती. 'ओपन' आणि 'क्लोज' असे दोन निकाल; त्यांच्यामध्ये काही तासांचे अंतर. त्या अंतरात माणूस पाळीवर जात असे, घरी जात असे, क्वचित विचारही करीत असे. आकडा लावण्यासाठी टपरीपर्यंत चालत जावे लागे आणि खिशातले पैसे संपले की तो दिवस संपे.

भ्रमणध्वनीवरील सट्ट्याने यातील प्रत्येक अडसर दूर केला. जागा नाहीशी झाली. दोन पैजांमधील अंतर काही सेकंदांवर आले. युपीआयमुळे खिशाची मर्यादा बँकखात्यापर्यंत वाढली आणि तत्काळ कर्ज देणाऱ्या ॲपमुळे ती खात्याच्याही पलीकडे गेली. सामना चालू असताना पुढील चेंडूवर, पुढील षटकावर पैज लावण्याची सोय हे या सट्ट्याचे मर्म आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील वर्गीकरणाने विकारस्वरूप जुगाराला व्यसनाधीनतेच्या गटात स्थान दिले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही जुगारविकाराची स्वतंत्र नोंद आहे. व्यसनाच्या दृष्टीने पाहता, पैज आणि निकाल यांमधील अंतर जितके कमी, तितकी हरलेले भरून काढण्याची ओढ अधिक, हे समजणे अवघड नाही.

अन्य देशांनी या अंगाचा विचार उशिरा का होईना, केला आहे. ऑस्ट्रेलियाच्या २००१ च्या कायद्याने सामना सुरू असताना ऑनलाइन पैज लावण्यास मनाई केली. तेथे अशी पैज दूरध्वनीवर बोलून लावता येते. हा फरक प्रथमदर्शनी विचित्र वाटेल, परंतु बोलण्यासाठी लागणारा वेळ हाच येथे अडसर म्हणून वापरला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्या देशाने स्वतःला सट्ट्यापासून दूर ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. एका नोंदणीने सर्व परवानाधारक चालकांची दारे बंद होतात. ब्रिटनमध्ये सट्ट्याच्या दुकानांतील यंत्रांवर दर वीस सेकंदांनी १०० पौंडांपर्यंत पैज लावता येत असे. एप्रिल २०१९ मध्ये ही मर्यादा २ पौंडांवर आणली गेली. एप्रिल २०२० मध्ये तेथे क्रेडिट कार्डावरील जुगार बंद झाला. १९६० च्या कायद्याने सट्ट्याच्या दुकानांना मान्यता देणाऱ्या देशाला हे उपाय योजण्यास सहा दशके लागली, हा अनुभव परवान्याच्या समर्थकांनी विचारात घ्यावयास हवा.

५. खेळाची शुचिता

कायदेशीर बाजार असेल तर संशयास्पद पैजा नजरेस येतील आणि सामनानिश्चिती उघड होईल, हा कायदेशीरीकरणाचा सर्वांत प्रबळ युक्तिवाद होय. त्यात तथ्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये, म्हणजे आपल्या विधी आयोगाच्या अहवालापूर्वी दोनच महिने, क्रीडा-सट्ट्यावरील १९९२ चा संघीय निर्बंध रद्द केला आणि त्यानंतर बहुसंख्य राज्यांनी परवाने दिले. एप्रिल २०२४ मध्ये टोरंटो रॅप्टर्स संघाचा बास्केटबॉलपटू जॉन्टे पोर्टर याच्यावर एनबीएने आजीव बंदी घातली. त्याच्या वैयक्तिक कामगिरीवरील असामान्य पैजा प्रथम परवानाधारक चालकांच्याच निदर्शनास आल्या होत्या.

तथापि त्याच उदाहरणाची दुसरी बाजू आहे. एका खेळाडूच्या एका दिवसाच्या कामगिरीवर पैज लावण्याची सोय नसती, तर ती फिरविण्याचा मोहही नसता. नोव्हेंबर २०२५ मध्ये क्लीव्हलँड गार्डियन्स या बेसबॉल संघाच्या दोन पिचरवर, ठरवून विशिष्ट चेंडू टाकल्याच्या आरोपावरून अमेरिकेत अभियोग दाखल झाला. त्यानंतर मेजर लीग बेसबॉलने सट्टाचालकांशी बोलणी करून एकेका चेंडूवरील पैजेला २०० डॉलरची मर्यादा घातल्याचे जाहीर केले. २०१३ मधील आयपीएल प्रकरणातील आरोपही असाच होता : ठरलेल्या षटकात ठरलेल्या धावा देणे. एक आरोप बेकायदा बाजारातला, दुसरा कायदेशीर बाजारातला. पण दोन्हीकडे प्रलोभनाचे मूळ पैजेच्या सूक्ष्म तुकड्यात आहे. सामन्याचा निकाल फिरविण्यासाठी अनेकांना सामील करून घ्यावे लागते, एक चेंडू फिरविण्यास एक मनुष्य पुरतो. म्हणून परवाना असण्या-नसण्यापेक्षा कोणत्या प्रकारच्या पैजेला मुळीच थारा द्यावयाचा नाही, हा प्रश्न शुचितेच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. अहवालात सामनानिश्चितीच्या शिक्षेची शिफारस आहे, पण पैजेच्या प्रकारांची अशी छाननी नाही.

शिक्षेच्या बाबतीतही वास्तव निराशाजनक आहे. २०१३ च्या प्रकरणातील खेळाडूंना दिल्लीच्या न्यायालयाने जुलै २०१५ मध्ये आरोपमुक्त केले. सामनानिश्चितीला स्वतंत्र गुन्हा ठरविणारी तरतूद नसल्याने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याचा आधार घ्यावा लागला होता आणि तो टिकला नाही. श्रीलंकेने २०१९ मध्ये असा स्वतंत्र कायदा केला. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये अनधिकृत पैज व जुगार यांचा समावेश किरकोळ संघटित गुन्ह्यात झाला. सामनानिश्चिती हा स्वतंत्र गुन्हा मात्र तेथेही नाही.

६. महसूल आणि सरासरीचा भ्रम

बेकायदा सट्ट्याची उलाढाल सांगणारे मोठमोठे आकडे या चर्चेत नेहमी फिरत असतात. जो व्यवहार नोंदविलाच जात नाही, त्याची उलाढाल सांगणारा आकडा अंदाजाहून अधिक काही असू शकत नाही. शिवाय उलाढाल म्हणजे तोटा नव्हे आणि तोटा म्हणजे कर नव्हे. तरीही संभाव्य महसुलाचे गणित उलाढालीवरूनच मांडले जाते.

बंदीच्या समर्थनार्थ दिलेले आकडेही काळजीपूर्वक वाचले पाहिजेत. ऑनलाइन पैशांच्या खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज २०२५ मध्ये शासनाच्या वतीने मांडण्यात आला. या दोन आकड्यांचा भागाकार केला तर दरडोई वार्षिक तोटा सुमारे ४४४ रुपये येतो. एवढ्या तोट्याने कोणी उद्ध्वस्त होत नाही. याचा अर्थ हानी नाही असा नसून ती सरासरीत दिसत नाही असा आहे. बहुसंख्य लोक अल्प रक्कम गमावतात आणि थोडे लोक सर्वस्व. परवानाधारक व्यवसायाचे उत्पन्न ज्या प्रमाणात या थोड्यांवर अवलंबून असते, त्या प्रमाणात शासनाचा महसूलही त्यांच्यावरच अवलंबून राहील. ज्याला थांबवावयाचे त्याच्याच न थांबण्यातून कर मिळणार असेल, तर नियामकाची तटस्थता टिकणे दुरापास्त आहे.

७. २०२५ चा कायदा : उरलेले प्रश्न

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांचे प्रवर्तन व नियमन अधिनियमाने कौशल्य-नशीब हा भेदच बाजूला सारला. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा कोणताही ऑनलाइन खेळ या कायद्याने निषिद्ध ठरविला. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, आणि जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास गुन्हेगार मानलेले नाही, ही या कायद्याची विधायक बाजू होय. तिसऱ्या प्रकरणात दाखविलेली विसंगती त्याने ऑनलाइन क्षेत्रापुरती दूर केली. जाहिरातींवरील कारवाईही स्वागतार्ह आहे. कारण बातम्यांच्या संकेतस्थळाचा मुखवटा घेतलेल्या सट्ट्याच्या जाहिरातींविरुद्ध २०२२ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला वारंवार सूचना काढाव्या लागल्या होत्या.

परंतु लोढा समितीचा मूळ प्रश्न देशांतर्गत नोंदणीकृत कंपन्यांविषयी नव्हता, तो बेकायदा बाजाराविषयी होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने महादेव बुकसह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद केली, तेव्हाही ती कायद्याने निषिद्धच होती. बंदीने दृश्य बाजार आटतो, हे खरे; अदृश्य बाजार आटण्यासाठी परदेशी चालकांपर्यंत जाणारे पैशाचे मार्ग अडवावे लागतात आणि व्यसनी माणसासाठी उपचाराचे मार्ग उघडावे लागतात. नव्या कायद्याने बँका व वित्तसंस्थांना अशा व्यवहारांपासून रोखले आहे. उपचाराच्या बाबतीत तशी ठोस व्यवस्था त्यात नाही. राज्यसूचीतील विषयावर केंद्राने कायदा करावा काय, हा घटनात्मक वादही न्यायालयांपुढे गेला.

निष्कर्ष

१. विधी आयोगाचा २७६ वा अहवाल हा या विषयावरील माहितीचा मौलिक दस्तऐवज आहे. परंतु मान्यता, संरक्षण आणि शुचिता हे तीन प्रश्न एकत्र केल्यामुळे त्याचा निष्कर्ष दोलायमान राहिला.

२. मिळकतीनुसार मोठा आणि लहान जुगार असे वर्ग करण्याऐवजी वेगानुसार पैजेचे वर्गीकरण होणे आवश्यक होते. जुन्या कायद्याने जागा बांधली; ऑनलाइन युगातील कायद्याला काळ बांधावा लागेल.

३. सामनानिश्चितीला स्वतंत्र फौजदारी गुन्हा ठरविण्यासाठी सट्ट्याच्या परवान्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ही शिफारस लोढा समिती व विधी आयोग या दोहोंची आहे आणि ती कोणत्याही धोरणात तितकीच लागू पडते.

४. आजची बंदी ही अंतिम उत्तर न मानता मिळालेली सवड मानावी. या सवडीत जिल्हा पातळीवर जुगारविकाराचे उपचार, कर्ज देणाऱ्या ॲपवर नियंत्रण आणि हानीच्या वितरणाचे स्वतंत्र सर्वेक्षण या गोष्टी उभ्या राहिल्या पाहिजेत. भविष्यात कोणत्याही शासनाने परवान्याचा विचार केला, तर चालू सामन्यातील पैज, उसनवारीवरील पैज आणि जाहिरात या तिन्ही गोष्टी वगळूनच तो करावा. या तिन्ही वगळल्यावर सट्ट्याच्या व्यवसायात कोणाला स्वारस्य उरते, हे पाहणेही उद्बोधक ठरेल.

५. महाविद्यालयीन विद्यार्थी हा या व्यवसायाचा स्वाभाविक ग्राहक आहे. त्याच्याकडे भ्रमणध्वनी, युपीआय खाते आणि क्रिकेटचे प्रेम या तिन्ही गोष्टी असतात. संभाव्यता हा विषय आपण सांख्यिकीच्या तासाला फासे आणि नाणी यांच्या उदाहरणांनी शिकवतो. त्याच तासाला, दर बाजूला समान शक्यता असूनही दीर्घकाळात चालक का जिंकतो आणि खेळणारा का हरतो, हे सांगण्यास अभ्यासक्रमाची मान्यता लागत नाही. परवाना आणि बंदी यांचा निर्णय संसद व न्यायालये करतील. विद्यार्थ्याला हे गणित वेळेत कळणे हे मात्र आपल्या हाती आहे.